गॉडझिला ॲनिमेत आला, पण वजन कुठे गेलं? जपानच्या अजस्र राक्षसांच्या नव्या अवतारांबद्दल एका चाहत्याचं मत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबू, कागद आणि कापडाचे भलेमोठे पुतळे, मागे ढोलताशे, आणि सोबत बडग्ये. गावातली रोगराई, इडापिडा सगळी घेऊन जा असं मारबतीला ओरडून सांगायचं आणि शेवटी तिला जाळून टाकायचं. बडग्या मात्र दरवर्षी नवा असतो. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी आणखी कशाचा. म्हणजे पद्धत जुनी, पण भीती त्या त्या वर्षाची.

आता तुम्ही म्हणाल, विषय गॉडझिलाचा आणि हा मारबत घेऊन बसला. पण आमच्या आसगावात, म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात बसून मी जेव्हा लोकांना सांगतो की मला जपानी राक्षसांचे सिनेमे आवडतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "त्यात बघण्यासारखं काय आहे, रबरी पाल इमारती पाडते तेच ना?" त्याचं उत्तर मारबतीतूनच सगळ्यात लवकर समजतं. जपानी लोकांनी आपल्या भीतीचा पुतळा केला. फक्त त्यांचा पुतळा जळत नाही, परत परत येतो.

गेल्या काही वर्षांत तो ॲनिमेमधून परत आलाय. गॉडझिला, गामेरा, अल्ट्रामॅन, ग्रिडमॅन अशी सगळी जुनी मंडळी. पण सगळ्यांचं परत येणं सारखं जमलेलं नाही. का जमलं नाही, ते समजायला आधी थोडं मागे जावं लागेल.

कैजू म्हणजे काय भानगड आहे?

जपानी भाषेत 'कैजू' म्हणजे विचित्र प्राणी. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख दाइगो फुकुर्यू मारू नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. सगळे आजारी पडले आणि बोटीचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गोजिरा' थिएटरात लागला. गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, या दोन शब्दांची सांगड घालून केलेलं हे नाव. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा बघून आले होते. त्यामुळे सिनेमात राक्षस येऊन गेल्यावर दवाखान्यात जमिनीवर पडलेली माणसं दिसतात, ती कुणाच्या कल्पनेतून आलेली नव्हती. तो सिनेमा आज बघितला तरी त्यात मजा कमी आणि सुतक जास्त वाटतं.

राक्षस पडद्यावर आणण्याचं काम एजी त्सुबुराया यांचं. त्यांनी रबरी सूट शिवून घेतला आणि आत हारुओ नाकाजिमा नावाच्या नटाला उभं केलं. पहिल्या सूटचं वजन शंभर किलोच्या आसपास होतं. आतला माणूस काही पावलं टाकून घामाने निथळायचा. मग कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवायचा. असं केलं की पडद्यावर हालचाल संथ दिसते आणि संथ हललेली वस्तू आपल्या डोळ्यांना आपोआप जड वाटते. छोट्या इमारती खरोखर तुटायच्या, धूळ खरी उडायची.

ही वजनाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरूनच आहे. चित्राला वजन नसतं. माणसाने सूट घातला की गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं. ॲनिमेशनमध्ये ते फ्रेम-फ्रेमने तयार करावं लागतं.

पुढे १९६५ मध्ये दायई कंपनीने गामेरा आणला. पाय कवचात ओढून, तिथून आगीचे झोत सोडत उडणारं कासव. ऐकायला हास्यास्पद, पण लहान मुलांचा सच्चा मित्र. १९६६ मध्ये त्सुबुराया यांच्या कंपनीने टीव्हीवर अल्ट्रामॅन आणला. आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या दूरदर्शनवाल्या पिढीने या घराण्यातलं एक नातलग बघितलंय. हातातल्या घड्याळात बोलून पोरगा ज्याला बोलवायचा तो 'जायंट रोबोट' आठवतो ना? तो तोएई कंपनीचा, १९६७-६८ चा. तेव्हा हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं नाही.

गॉडझिलाची ट्रिलॉजी: उंची वाढली, बाकी काय?

२०१७ आणि २०१८ मध्ये पॉलिगॉन पिक्चर्सने तीन ॲनिमे सिनेमे काढले. जपानबाहेर ते नेटफ्लिक्सवर आले. लेखक गेन उरोबुची, म्हणजे ॲनिमेवाल्यांसाठी मोठं नाव. कल्पनाही जबरदस्त. माणसं गॉडझिलापुढे हरून पृथ्वी सोडून पळाली आहेत. वीस वर्षं अंतराळात भटकून परत येतात, तोवर पृथ्वीवर वीस हजार वर्षं उलटली आहेत आणि ग्रह पूर्ण गॉडझिलाचा झालाय. झाडंसुद्धा त्याच्याच जातीची.

इथला गॉडझिला ३०० मीटरपेक्षा उंच आहे. १९५४ चा होता ५० मीटर. आता गंमत बघा, सहापट मोठा करूनही तो लहान वाटतो. कारण त्याच्या बाजूला काहीच नाही. ना विजेचा खांब, ना रेल्वेचा डबा, ना घर. सगळीकडे धुकं आणि जंगल. राक्षसाची उंची मीटरमध्ये कळत नाही, आपल्या ओळखीची वस्तू त्याच्या पायाखाली आली की कळते. भलीमोठी मारबत महालाच्या गल्लीतून निघते म्हणून अंगावर येते. तीच मोकळ्या वावरात उभी केली तर बुजगावणं वाटेल.

दुसऱ्या भागात मेकागॉडझिला येणार म्हणून चाहते बसले होते. तर तो यंत्रराक्षस राहिलाच नव्हता, त्याचं शहर झालं होतं. तिसऱ्या भागात घिडोरा आला तो आभाळातल्या भोकांमधून नुसत्या माना बाहेर काढून. लोक चिडले. मी पण वैतागलो होतो, पण आता मत थोडं मऊ झालंय. शेवटचा भाग राक्षसांबद्दल नाहीच. हरलेल्या माणसाला सूड सोडता येतो का, हा त्याचा प्रश्न आहे. प्रश्न चांगला आहे. फक्त तो विचारायला साडेचार तास लोकांनी अंतराळयानाच्या खोलीत उभं राहून भाषणं द्यायला नको होती.

सिंग्युलर पॉइंट: डोक्याला ताप, पण गोड ताप

२०२१ ची ही १३ भागांची मालिका मला या सगळ्यात सर्वात धाडसी वाटते. बोन्स आणि ऑरेंज या दोन स्टुडिओंनी मिळून केली. माणसं हाताने काढलेली, राक्षस संगणकावर. लेखक तो एनजो हा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला आणि अकुतागावा पुरस्कार मिळालेला साहित्यिक. त्यामुळे गॉडझिला इथे बॉम्बमधून येत नाही, गणितातून येतो. भविष्यातून माहिती मागे येऊ शकली तर काय होईल, असं काहीतरी प्रकरण आहे. निम्मं पहिल्यांदा डोक्यावरून जातं. जाऊ द्या, बघत राहा.

मला त्यातलं आवडलेलं वेगळंच आहे. एका छोट्या किनारी गावात 'ओताकी फॅक्टरी' नावाचं दुकान आहे. म्हातारा मालक, दोन पोरं, मिळेल ते दुरुस्तीचं काम. या लोकांनी जेट जॅग्वार नावाचा रोबोट जुगाड करून बनवलाय. हा जेट जॅग्वार १९७३ च्या एका सिनेमातला, मुलांच्या स्पर्धेत आलेल्या चित्रावरून सुचलेला आणि पुढे चेष्टेचा विषय झालेला. त्याला इथे चक्क नायक केलंय. आपल्या तालुक्याच्या ठिकाणच्या वेल्डिंगच्या दुकानात रोबोट तयार झाला तर कसा दिसेल, तसाच तो दिसतो. त्यामुळे आधी रोदान पक्ष्यांचे थवे आणि मागून गॉडझिला आला की आपल्याला काळजी जगाची वाटत नाही, त्या दुकानाची वाटते.

लाल धूळ पसरते, प्राणी समुद्रातून आत शिरतात, आणि कुणालाच नीट सांगता येत नाही की हे चाललंय काय. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा आमच्या भागातल्या लोकांना या भावनेची चांगली ओळख झालीय. पाणी वरच्या अंगाने येतं, रात्रीतून येतं. तक्रार असलीच तर एवढी, की शेवटच्या भागात सगळं फार भरभर आवरलंय.

ग्रिडमॅन: सूटची आठवण चित्रात

माझ्या मते वजनाचा प्रश्न खरा सोडवला तो ट्रिगर स्टुडिओने. १९९३ ची 'डेन्को चोजिन ग्रिडमॅन' नावाची त्सुबुराया कंपनीची मालिका होती. त्यात राक्षस संगणकाच्या आत राहायचे, म्हणजे इंटरनेट घराघरांत पोचायच्या आधी. दिग्दर्शक अकिरा अमेमिया याने २०१५ मध्ये तिच्यावर एक छोटी फिल्म केली आणि २०१८ मध्ये १२ भागांची 'एसएसएसएस. ग्रिडमॅन' आणली.

यातले राक्षस मुद्दाम रबरी सूटसारखे काढलेत. पाय टाकताना आतला माणूस अडखळावा तसे अडखळतात. कॅमेरा रस्त्याच्या पातळीवर, समोर विजेच्या तारा, त्यामागे राक्षस. म्हणजे त्सुबुराया यांनी सेटवर जिथे कॅमेरा ठेवला असता तिथेच. चित्र असूनही जमीन हादरल्यासारखी वाटते.

पण खरी कमाल कथेत आहे. अकाने नावाची शाळेतली सगळ्यांची लाडकी मुलगी घरी बसून मातीचे राक्षस बनवते. कुणी तिला धक्का मारला, कुणी तिचं सँडविच खराब केलं, की त्या माणसाला संपवायला राक्षस तयार. (हे दुसऱ्याच भागात कळतं, त्यामुळे मजा घालवल्याचा आळ घेऊ नका.) अणुबॉम्बच्या भीतीतून निघालेला कैजू इथे एका एकट्या पोरीच्या खोलीत येऊन बसलाय. मोबाइलवर कुणावर तरी राग काढून नंतर रिकामं वाटलेल्या प्रत्येकाला ही मालिका लागू पडेल. २०२१ ची 'डायनाझेनॉन' तिची बहीण, आणि २०२३ मध्ये दोघींना जोडणारा सिनेमा आला.

बाकीची मंडळी थोडक्यात

'गामेरा रिबर्थ' (२०२३, सहा भाग) चा दिग्दर्शक हिरोयुकी सेशिता, म्हणजे गॉडझिला ट्रिलॉजीच्या दोघांपैकी एक. इथे काळ १९८९ च्या उन्हाळ्याचा, नायक चार मुलं. गामेरा पुन्हा मुलांचा मित्र झालाय, पण समोरचे राक्षस माणसं खरंच खातात. मुलांचे चेहरे लाकडी आहेत, हे मान्य. तरी राक्षस घरांमधून चालतात, त्यामुळे मोठे वाटतात. ट्रिलॉजीतली चूक इथे सुधारलीय.

नेटफ्लिक्सचा 'अल्ट्रामॅन' (२०१९ ते २०२३) मला फार भावला नाही. त्यात अल्ट्रामॅन माणसाएवढा आहे, चिलखत घालून लढतो. मारामारी झकास, पण ४० मीटरचा माणूस सहा फुटाचा केला की उरतो तो आयर्नमॅन. त्यापेक्षा २०२४ चा 'अल्ट्रामॅन: रायझिंग' बघा. तो अमेरिकेत बनलाय, पण त्यात बेसबॉल खेळाडू असलेला अल्ट्रामॅन राक्षसाचं पिल्लू सांभाळतो, त्याची ढेकर काढतो, रात्री जागतो. घरात लहान बाळ असेल तर जास्त हसाल.

'कैजू नं. ८' हे पुनरुज्जीवन नाही, नवी कथा आहे. तरी तिच्याशिवाय यादी पूर्ण होत नाही. नायक काफ्का हिबिनो ३२ वर्षांचा आहे आणि मेलेल्या राक्षसांची आतडी उपसायचं काम करतो. लढणारे टीव्हीवर दिसतात, साफ करणारे दिसत नाहीत. सत्तर वर्षं इमारती पडताना बघितल्या, पण तो राडा उचलतो कोण, हे एवढं समोर आणून कुणी दाखवलं नव्हतं. भरतीच्या परीक्षेत वारंवार नापास होऊन वय निघून चाललेला माणूस हा नायक म्हणून आपल्याकडच्या पोरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ॲनिमे २०२४ मध्ये सुरू झालं. पहिले काही भाग उत्तम आहेत, पुढे ती नेहमीची सैनिकी मालिका होत जाते.

सुरुवात कुठून करायची?

आधी १९५४ चा कृष्णधवल 'गोजिरा'. दीड तासाचा आहे. त्यानंतर 'ग्रिडमॅन', मग 'सिंग्युलर पॉइंट', मग मूड असेल तर 'गामेरा'. ट्रिलॉजी सगळ्यात शेवटी, तीही सलग नको.

आणि 'गोजिरा' मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा. ती डरकाळी कुठल्याही प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या सांगण्यावरून डबल बास नावाच्या मोठ्या तंतुवाद्याची तार सैल केली, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली आणि तो तारेवरून घासत ओढला. रेकॉर्ड झालेला आवाज मग संथ करून वाजवला.