‘निधी नाही’ या उत्तराचा निकाल

वॉशिंग्टन शहर, १९७१. चौथीत शिकणाऱ्या १२ वर्षांच्या पीटर मिल्सला ‘वर्तन ठीक नाही’ असा शेरा मारून शाळेने घरी बसवले. त्याच्यासह ७ मुलांच्या वतीने शिक्षण मंडळावर दावा दाखल झाला. सातही मुले कृष्णवर्णीय होती. कुणाला मतिमंद, कुणाला अतिचंचल ठरवून शाळेबाहेर ठेवलेले.

या खटल्याचे वैशिष्ट्य असे की, मंडळाने आपले कर्तव्य नाकारले नाही. कर्तव्य मान्य, परंतु पैसा नाही, एवढाच त्याचा बचाव! १ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायमूर्ती जोसेफ वॅडी यांनी तो फेटाळला. निधी अपुरा असेल तर त्याची झळ अपंग मुलांना इतरांहून अधिक लागता कामा नये, असा निकालाचा आशय. काटकसरीची कुऱ्हाड बहुधा ज्याचा आवाज क्षीण त्याच्यावरच पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचे मोल कळते. मुलाला शाळेतून काढण्यापूर्वी पालकांना सुनावणी मिळावी, असेही न्यायालयाने बजावले.

पेनसिल्व्हेनियातही अशीच लढाई झाली होती. अखेर २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली; कायदा झेपणार नाहीत इतकी आश्वासने देतो, ही कुरकुर नोंदवूनच. त्यातून ‘आयईपी’, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, जन्मला. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठवर जावे, त्यासाठी शाळा काय देणार, हे सारे पालकांसह बसून लिहून काढायचे आणि दरवर्षी तपासायचे. तोंडी आश्वासन विरून जाते. लिहिलेल्या शब्दाचा जाब मागता येतो.

परंतु किती दिले म्हणजे पुरे? न्यूयॉर्क राज्यातील एमी रोली ही कर्णबधिर मुलगी पहिलीत होती. शाळेने श्रवणयंत्र दिले, शिकवणीही दिली. पालकांना वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा होता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नाकारला: मुलगी उत्तीर्ण होते आहे, तेवढे पुरे. दुभाष्याविना तिला वर्गातले निम्म्याहूनही कमी कळते, असे न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी मतात लिहिले.

आराखड्यातून नाममात्र नव्हे, तर मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधली पाहिजे, हे त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले ते २०१७ मध्ये, कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात. आणि १९७५ च्या कायद्याने केंद्राकडून देऊ केलेला ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा? तो आजवर कधीच पूर्ण मिळालेला नाही.