तळटीप : लेझीम

लेझीम – वाद्य, व्यायामसाधन आणि त्यावरील समूहनृत्य या तिन्हींना हीच संज्ञा आहे. फारसीतील ‘लेझम’ म्हणजे प्रत्यंचेऐवजी साखळी लावलेले, तिरंदाजीच्या सरावाचे धनुष्य. महाराष्ट्रातील तालमींत ते शरीर कमावण्यासाठी रुळले आणि पुढे लाकडी दांडा व धातूच्या चकत्या ओवलेली लोखंडी साखळी असे सुटसुटीत रूप त्याला आले. सोलापुरात गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत मंडळांचे लेझीम ताफे हलगीच्या, म्हणजे कड्यावर चामडे ताणून काठीने वाजवायच्या वाद्याच्या, ठेक्यावर एकसाथ झुकतात, वळतात आणि साखळीचा खणखणाट त्याच तालात मिसळतो. त्यामुळे तालमीतील कसरत आणि सार्वजनिक उत्सव यांचे मोलाचे नाते येथे आजही जिवंत आहे.