कापणारी चौकट : सीरियातील यादवी आणि हौशी चित्रण

यादवीच्या इतिहासलेखनात हौशी चित्रणाला ‘खिडकी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु खिडकीला स्वतःचा जीव नसतो, हेतूही नसतो. चित्रण करणाऱ्याला दोन्ही असतात. २०११ साली सुरू झालेल्या सीरियातील यादवीचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करता येणार नाही.

मार्च २०११ मध्ये दरा शहरात निदर्शने सुरू झाली. परदेशी पत्रकारांवर शासनाने कडक निर्बंध घातल्यामुळे नागरिकांच्या हातातील मोबाईल हेच इतिहासाचे साधन झाले. ओसामा मोहम्मद आणि विआम सिमाव बेदिरखान यांचा ‘सिल्व्हर्ड वॉटर’ (२०१४) हा चित्रपट अशाच अनामिकांच्या दृश्यखंडांतून उभा राहिला आहे. मोहम्मद पॅरिसमध्ये परागंदा, तर बेदिरखान वेढा पडलेल्या होम्समध्ये. अशा चित्रणात कॅमेरा धावणाऱ्याबरोबर हेलकावतो, चौकट जमिनीवर कोसळते, आवाज मात्र चालू राहतो. तंत्रदृष्ट्या जे दोष, तेच येथे आशयाचे घटक ठरतात. पाहणाराच संकटात आहे, हे त्यांतून कळते. वाद अल-कतीब व एडवर्ड वॉट्स यांच्या ‘फॉर समा’ (२०१९) मध्ये अलेप्पोतील आई आपल्या लहानग्या मुलीला उद्देशून बोलते. या संबोधनामुळे विखुरलेल्या चित्रणाला निवेदनाची घडण प्राप्त होते.

मात्र कापणारी चौकट म्हणजे सत्य, असे समीकरण मांडता येत नाही. दमास्कसच्या तदामोन भागात एप्रिल २०१३ मध्ये झालेल्या हत्याकांडाचे चित्रण मारेकऱ्यांनीच केले होते. ते २०२२ मध्ये जगापुढे आले. व्यावसायिक नसलेल्या हातांचेच हे चित्रण. पण येथे पाहणाऱ्याला कशाचेही भय नाही. ही निर्भयताच सत्तेविरुद्धची सर्वांत बोलकी साक्ष ठरते.

साधनाचे टिकणेही निरपेक्ष नसते. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातील संघर्षाच्या हजारो चित्रफिती हटवल्या गेल्या. ‘सीरियन अर्काइव्ह’सारख्या उपक्रमांनी चालवलेले जतनाचे काम म्हणूनच इतिहासलेखनाचा पूर्वार्ध होय.

जुने पत्र हाती आले की ते कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी लिहिले आणि कोणाच्या दप्तरात राहिले, हे आपण आधी विचारतो. चित्रफितीलाही हेच प्रश्न विचारावे लागतील. त्यांत आणखी एकाची भर घालावी लागेल : हे दृश्य टिपणारा पुढे जगला का?