डिस्लेक्सिया: डोळ्यांच्या दवाखान्यातून वाचनाच्या टेबलाकडे

मुलाला वाचता येत नाही म्हटलं की पालक आधी त्याचे डोळे तपासून आणतात. ते योग्यच आहे. पण नजर नॉर्मल निघाली की अनेक घरांत दुसरं निदान तयार असतं: ‘आळशी आहे, लक्षच देत नाही.’ डॉक्टर मंडळींनीही सुरुवात डोळ्यांपासूनच केली होती.

1877 मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी ‘शब्दांधत्व’ हा शब्द वापरला. दिसतंय, बोलता येतंय, पण वाचता येत नाही, अशा मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसांबद्दल ते लिहीत होते. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव 1887 मध्ये श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी दिलं, तेही प्रौढ रुग्णांसाठीच.

लहान वयातली पहिली गाजलेली केस 1896 ची. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 14 वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. मुलगा चुणचुणीत, नजर चांगली, सातव्या वर्षापासून शिकवणी चालू. नऊ आकडी संख्या घडाघडा वाचायचा, बीजगणितही जमायचं. साधे शब्द मात्र वाचता येत नव्हते आणि स्वतःचं नाव त्याने ‘प्रेसी’ असं लिहिलं होतं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरेल, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. मॉर्गननी हा दोष जन्मजात मानला, आणि मला वाटतं त्या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पोराला छडी मारून हा प्रश्न सुटणार नव्हता, हे छापून आलं.

मग करायचं काय? ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड यांनी सांगितलं की अशा मुलाला वर्गात नव्हे, एकट्याला बसवून शिकवा. पुढे अमेरिकेत आयोवा राज्यात सॅम्युअल ऑर्टन या मेंदू-मनोविकारतज्ज्ञांनी अशी मुलं तपासली आणि 1925 मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्या मते मेंदूच्या दोन अर्धगोलांत अक्षरांच्या आरशासारख्या उलट प्रतिमा उमटतात आणि त्यांचा गोंधळ होतो. हा सिद्धांत टिकला नाही. इंग्रजी ‘वॉज’ला ‘सॉ’ वाचणारं मूल तीच अक्षरं बघून बरोबर उतरवतं, हे 1970 च्या दशकापर्यंत स्पष्ट झालं. बहुतेक मुलांची मुख्य अडचण असते ती शब्दातले आवाज सुटे ओळखून अक्षरांशी जोडण्याची.

पण ऑर्टन यांनी सुचवलेल्या उपचाराची दिशा बरोबर होती! अ‍ॅना गिलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञ आणि बेसी स्टिलमन या शिक्षिका, दोघींनी न्यूयॉर्कमध्ये 1930 च्या दशकात त्यातून शिकवण्याची शिस्तबद्ध पद्धत बसवली. आजच्या वाचन-थेरपिस्टचं काम बऱ्याच अंशी त्यातूनच आलं.

हे काम बघायला अगदी साधं वाटतं. टेबलावर अक्षरांचे कार्ड. मूल अक्षर बघतं, त्याचा आवाज ऐकतं, स्वतः उच्चारतं आणि बोटाने गिरवतं, कधी रव्यावर, कधी वाळूवर. दोन-चार आवाज पक्के झाले की तेवढ्यांतूनच शब्द बनवायचे. न शिकलेलं अक्षर मध्ये आणायचं नाही, कारण मग मूल चित्र बघून अंदाज ठोकतं, आणि ही सवय मोडणं फार जड जातं. कालचं आज विसरलं तर पुन्हा तिथूनच सुरुवात, न चिडता. आठवड्यात अनेक तास, कधी दोन-तीन वर्षं. तोवर इतिहास-विज्ञानाचे धडे घरी मोठ्याने वाचून दाखवावेत; वाचन मागे आहे म्हणून ज्ञानही मागे पडायला नको.

आपल्याकडे हे काम स्पेशल एज्युकेटर किंवा रेमेडियल टीचर करतात. इंग्रजीची पद्धत जशीच्या तशी मराठीला लावून मात्र चालत नाही. आपली अक्षरं आवाजाशी बरीच प्रामाणिक आहेत, पण ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते आणि उच्चारली जाते नंतर. ‘कर्म’मधला रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो, ऐकू येतो त्याच्या आधी. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत अडकलेल्या मुलाला हे हळूहळू, हाताने लिहीत, आवाज काढत शिकवावं लागतं.

डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचे चष्मे यांची जाहिरात अजूनही होते. यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला भक्कम पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्रितपणे जाहीर केलं. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलती मागता येतात. जास्तीचा वेळ आणि लेखनिक यांची मदत मोठी असते. पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणून थेरपिस्टकडे जाणं थांबवू नका.