बेल्परची सूतगिरणी

इंग्लंडांतील डार्बीशायर परगण्यांत डर्वेंट नदीच्या कांठीं बेल्पर हें लहानसें गांव आहे. अठराव्या शतकांत जेडेडाया स्ट्रट यानें येथें पाण्यावर चालणाऱ्या सूतगिरण्या उभारल्या, मजुरांसाठीं घरें बांधलीं. १८०३ सालीं उत्तर गिरणी जळाली. पुत्र विल्यम यानें १८०४ सालीं लोखंडी खांबतुळयांची, आगीस दाद न देणारी इमारत बांधली. स्ट्रटपाशीं उमेदवारी केलेला सॅम्युएल स्लेटर १७८९ सालीं अमेरिकेस गेला. यंत्रें व कुशल कारागीर परदेशीं जाण्यास बंदी होती. पण स्मरणशक्तीची झडती कोण घेणार?

आज तेथें सूत निघत नाहीं. २००१ सालीं खोऱ्यास जागतिक वारशाचा मान मिळाला, २०१४ सालीं गांवच्या पेठेस राष्ट्रीय पारितोषिक. एका धन्याच्या गिरणीवर वाढलेलें गांव आज अनेक छोट्या दुकानदारांनीं गजबजतें, हा बोध गिरणगांवाच्या मुंबईनेंही घ्यावा.