स्तनपंप : कामावर परतणाऱ्या आईने करावयाची निवड

हवेचा दाब कमी करून आईच्या स्तनातून दूध काढणारे उपकरण म्हणजे स्तनपंप. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आणि मातृदुग्ध पेढ्यांसाठी दूध काढताना रुग्णालयांत तो वापरतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. घरोघरी मात्र पंप पोहोचला तो बाळंतपणाची रजा संपवून कामावर जाणाऱ्या स्त्रियांबरोबर. पहिले ६ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नासोबत किमान २ वर्षांचे होईपर्यंत ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बहुतेक आयांना त्याच्या कितीतरी आधी कामावर हजर व्हावे लागते. दुकानात पंप दाखवताना मोटर किती जोरदार, ओढीच्या पातळ्या किती, हे आधी सांगितले जाते. निवड खरी ठरते ती बाळाचे वय, आईच्या कामाचा दिवस आणि तिच्या स्तनाग्राचे माप यांवरून. ओढीची ताकद त्यानंतर येते.

याचे कारण दूध तयार होण्याच्या क्रियेत आहे. बाळ ओढू लागले की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, त्याने दुग्धग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. पान्हा फुटेपर्यंत बाळ भराभर, उथळ ओढते. दूध वाहू लागल्यावर सावकाश आणि खोल ओढते. चांगले विद्युत पंप हाच क्रम दोन टप्प्यांत पाळतात. वेदना, घाई आणि कोणी येईल ही धास्ती पान्ह्याला अडवतात. दूध किती तयार व्हावे, हे मुख्यतः ते किती वेळा आणि किती पूर्ण काढले जाते यावर ठरते. स्तन बराच वेळ भरलेला राहिला की नवे दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणून दिवसातून एकदाच लावलेला जोरदार पंप दुधाला तारत नाही. नियमाने तीनदा लावलेला साधा पंप तारू शकतो.

पंपाचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत ओ. एच. नीडहॅम यांनी १८५४ मध्ये स्तनपंपाचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या कित्येक यंत्रांमागे गोठ्यातील दूध काढण्याच्या यंत्रांची कल्पना होती आणि त्यांची ओढ स्तनाला जाचत असे. विसाव्या शतकाच्या मध्यात स्वीडनचे अभियंते आयनार एग्नेल यांनी ओढीला मर्यादा घातली, ओढणे व सोडणे यांची लय बसवली, आणि रुग्णालयांना वापरता येईल असा पंप तयार झाला. म्हणजे सुधारणा झाली ती जोर आवरल्यामुळे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की, सोसेल तेवढ्या कमाल ओढीवर दूध लवकर व जास्त निघते, आणि ही मर्यादा प्रत्येकीची निराळी असते. यावर कोणी म्हणेल की मग जोरदार यंत्रच घ्यावे. या निष्कर्षातला ‘सोसेल तेवढी’ हा भाग तेव्हा विसरता कामा नये. दुखू लागेपर्यंत वाढवलेली ओढ स्तनाग्राला इजा करते आणि पान्हाही रोखते. ओढ थोडीथोडी कमीजास्त करता येणे हा गुण महत्त्वाचा. तिचा वरचा आकडा नव्हे.

आता बाळाचे वय. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातील ८ आठवड्यांपर्यंतची प्रसूतीपूर्वी घेता येते. जिने ८ आठवडे आधी घेतले ती बाळ १८ आठवड्यांचे असताना परतते. तेव्हा ते पूर्णपणे दुधावर असते. जिने सारी रजा प्रसूतीनंतर घेतली तिचे बाळ ६ महिन्यांचे, म्हणजे वरचे अन्न सुरू होण्याच्या उंबरठ्यावर असते. केवळ आईच्या दुधावरचे बाळ पहिल्या ते सहाव्या महिन्यात दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलि दूध पिते, म्हणजे तासाला साधारण ३० मिलि. प्रवास धरून आई १० तास बाहेर राहिली तर सुमारे ३०० ते ३५० मिलि मागे ठेवावे लागते. त्यासाठी फ्रीझर भरून साठा करण्याची गरज नाही; आज काढलेले उद्या पुरते. गरजेपेक्षा जास्त दूध काढत राहिल्यास ते अतिरिक्त तयार होऊ लागते, आणि गाठी व स्तनदाह होण्याचा धोका वाढतो.

हा हिशेब कामाच्या दिवसावर ठेवला की पंपाचा प्रकार आपोआप ठरत जातो. लहान बाळाच्या आईला कामाच्या वेळेत दर तीन तासांनी, म्हणजे दोन-तीनदा दूध काढावे लागते. दोन्ही स्तनांचे दूध एकदम काढणारा विद्युत पंप साधारण १५ ते २० मिनिटांत काम उरकतो; एका वेळी एकच बाजू घेणाऱ्या पंपाला जवळपास दुप्पट वेळ लागतो. बँकेत, शाळेत किंवा कारखान्यात सुटी ठरावीक मिनिटांचीच मिळते, तिथे हा फरक निर्णायक आहे. दिवसातून एकदाच काढणाऱ्या, अर्धवेळ काम करणाऱ्या किंवा वर्षाच्या बाळाच्या आईला हाताने दाबायचा पंप पुरतो आणि तो बराच स्वस्त असतो. वीज जाणाऱ्या गावात किंवा फिरतीच्या नोकरीत बॅटरीवर चालणारा पंप हवा, आणि सोबत हातपंप असावा. कपड्यांच्या आत बसणारे पंप हात मोकळे ठेवतात, पण त्यांचे भांडे लहान असते आणि ते नेमके बसवणे अवघड जाते. त्यांच्यावरच सारी भिस्त ठेवण्याआधी रजेतच वापरून पाहावे.

स्तनावर बसणाऱ्या फनेलला फ्लँज म्हणतात आणि निवडीत सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असतो. पंपासोबत बहुधा २४ मिमीचा एकच फ्लँज येतो, तो सर्वांना बसत नाही. स्तनाग्राचा व्यास मोजून त्याहून किंचित मोठ्या नळीचा फ्लँज घ्यावा. स्तनाग्र घासले जाऊ नये आणि भोवतालची त्वचाही नळीत फारशी ओढली जाऊ नये. वेगवेगळ्या मापांचे फ्लँज आणि सुटे व्हॉल्व्ह सहज मिळतात का, हे विचारूनच पंप घ्यावा. जीर्ण व्हॉल्व्हमुळे ओढ मंदावते, आणि कित्येक आया आपले दूधच आटले असे समजतात.

हाताने दूध काढता येत असताना यंत्र कशाला, हा आक्षेप योग्य आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत हाताने काढलेले दूध पंपाइतके, काही वेळा अधिकही निघते. दूध काढण्याच्या पद्धतींचा कॉक्रेन या संस्थेचा २०१६ चा आढावा सांगतो की, सर्वांना सरस ठरेल अशी एकच पद्धत नाही, आणि मालीश, ऊब, निवांतपणा या बिनखर्चाच्या गोष्टींनीही दूध वाढू शकते. तेव्हा प्रत्येक आईने हाताने काढणे शिकावेच. पंप बिघडला तर तेच कामी येते. परंतु महिनोन्‌महिने, रोज तीनदा, मोजक्या मिनिटांत हे करायचे तर बहुतेकींचे हात थकतात. पंपाचा उपयोग तिथे आहे.

दुसऱ्या कुणाचा वापरलेला पंप घ्यावा का? ज्या पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसतो, त्याच्या आतल्या भागांत दुधाचा अंश जाऊन बुरशी किंवा जंतू वाढू शकतात आणि ते भाग निर्जंतुक करता येत नाहीत. असा पंप उसना घेऊ नये. अनेकींच्या वापरासाठीच बनवलेला पंप मात्र स्वतःचे नवे सुटे भाग जोडून भाड्याने घेता येतो. ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दांवर विसंबू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांची कोणतीही व्याख्या केलेली नाही. दुधाला लागणारे भाग प्रत्येक वापरानंतर वेगळ्या भांड्यात साबणाच्या पाण्याने धुऊन हवेवर वाळवावेत. जितके भाग कमी, तितके ऑफिसात धुणे सोपे.

दूध साठवण्याचे पाश्चात्त्य नियम आपल्या उन्हाळ्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ४ तास बाहेर ठेवता येते ते २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत. नागपुरात किंवा जळगावात मे महिन्यात दूध लगेच बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत जायला हवे. तिथे ते २४ तास टिकते, फ्रिजमध्ये ४ दिवस. म्हणून चांगली थंड बॅग ही पंपाइतकीच आवश्यक खरेदी आहे. ते दूध उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. कोमट पाण्यात भांडे ठेवून तापवावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे : पंप हाती देऊन समाज व मालक आपली जबाबदारी आईवर ढकलतात. त्यात तथ्य आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यावी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावे, असे कायदा सांगतो. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन सुट्याही त्याने दिल्या आहेत. पाळणाघर जवळ असेल तर पंपाआधी तेच निवडावे. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर बाळाला दूध पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आले. दार बंद होणारी तशी खोली, पाण्याचा नळ आणि फ्रिज प्रत्येक कामाच्या जागी असायला हवा. ऊसतोड कामगार, घरकामगार, बांधकामावरच्या स्त्रिया यांना ना रजा ना खोली. त्यांच्यासाठी पंपाची निवड हा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही ज्या आईला सोमवारी कामावर जायचेच आहे तिला व्यवस्था बदलेपर्यंत थांबता येत नाही. तिने आधी मालकाकडून वेळ, जागा आणि पाणी मागून घ्यावे, त्यांवरून पंप ठरवावा आणि परतण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो घरी वापरून पाहावा. वेळ आणि जागा मिळाली तर साधा पंपही पुरतो. ती न मिळाल्यास महागडा पंपही कपाटात पडून राहतो.