पेवातला कुबट वास

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकवतो. पण प्रत्यक्ष पेव पाहिलेला विद्यार्थी आता क्वचितच भेटतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. त्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या दख्खनच्या कोरडवाहू भागात ज्वारी पेवात साठवत. १८७६-७७ आणि १९७२ चे दुष्काळ सोसलेल्या या मुलखात साठवलेली ज्वारी म्हणजे घराचा विमाच.

पेवाच्या तळाला व कडेला कडबा, भुसा लावत आणि धान्य भरले की तोंड लिंपून टाकत. आतला ऑक्सिजन धान्य, किडे आणि बुरशी श्वसनात वापरतात व कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यामुळे किडे मरतात, बुरशीची वाढही मंदावते. मात्र जेथे ओल झिरपे, तेथली ज्वारी काळी पडे, तिचे गोळे होत आणि तिला कुबट वास येई.

हा वास येतो कशाने? बुरशी वाढताना हवेत सहज उडणारी काही रसायने बाहेर टाकते. अगदी थोडी असली तरी ती नाकाला कळतात. त्यामुळे नाक हा चांगला पहारेकरी आहे. पण त्याला सगळेच चोर दिसत नाहीत.

पेव उघडताच आत उतरणारा माणूस गुदमरून मरू शके. म्हणून जाणती माणसे ते आधी काही वेळ उघडे ठेवत. जीव घेणाऱ्या या कोंडलेल्या हवेची सूचना नाक देत नाही. अफ्लाटॉक्सिनचेही तसेच. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. त्या शोधातून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे हे विष सापडले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका गरीब कुटुंबांनी खाल्ला. यकृत बिघडून शंभरावर माणसे दगावली. या विषाला वास नाही आणि भाकरी भाजल्याने ते पुरते नाहीसेही होत नाही.

आज पेवे गेली. पण पावसाळ्यात भिंतींना ओल येतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशीचा संबंध दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींशी असल्याचे नोंदवले. म्हणजे कुबट वास हा ओल शोधण्याचा इशारा आहे. विष आहे की नाही, हे मात्र वासावरून ठरत नाही.

वर्गासाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. दोन काचेच्या बरण्यांत भाकरीचे तुकडे ठेवा, एकात वाळलेले आणि दुसऱ्यात ओलसर. झाकणे घट्ट लावून आठवडाभर रोज नोंद करा. बरण्या उघडून वास मात्र कोणालाही घेऊ देऊ नका. शेवटी त्या न उघडताच टाकून द्या.